धरणकाठचे वाचन : समकालीन कादंबरी, आत्मकथन आणि वाचकाचा वैयक्तिक प्रतिसाद

१

साहित्यकृतीच्या अभ्यासात वाचकाच्या वैयक्तिक प्रतिसादाला कोणते स्थान द्यावे, हा प्रश्न मराठीच्या पदव्युत्तर अध्यापनात वारंवार उपस्थित होतो. 'मला ही कादंबरी आवडली, कारण हे सगळे आमच्याकडेही असेच घडले' असे एखादा विद्यार्थी म्हणतो, तेव्हा त्याच्या या विधानाचे काय करावयाचे, हे अध्यापकाला ठरवावे लागते. बहुधा हे विधान सौजन्याने ऐकून घेतले जाते आणि मग 'आता आपण कादंबरीच्या निवेदनतंत्राकडे वळू' असे म्हणून बाजूला सारले जाते. प्रतिसाद हा खासगी आणि समीक्षा ही सार्वजनिक, अशी विभागणी या कृतीमागे गृहीत धरलेली असते. ही विभागणी कितपत टिकते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

वैयक्तिक प्रतिसादाविषयीच्या या संशयाला मोठी परंपरा आहे. नाट्यशास्त्रावरील 'अभिनवभारती' या टीकेत अभिनवगुप्ताने रसप्रतीतीच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली. त्यांपैकी दोन येथे विशेष महत्त्वाची आहेत. प्रेक्षक स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या विशिष्ट देशकालात अडकून पडणे, हे एक. आणि आपल्याच सुखदुःखाने विवश होणे, हे दुसरे. भट्टनायकापासून चालत आलेली साधारणीकरणाची कल्पना हेच वेगळ्या रीतीने सांगते. 'हे माझे' किंवा 'हे परक्याचे' हा भाव गळून पडल्याखेरीज आस्वाद शुद्ध होत नाही, असा तिचा आशय आहे. पाश्चात्त्य विचारातही या संशयाला समांतर उदाहरण सापडते. आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजमधील विद्यार्थ्यांना कवींची नावे न सांगता कविता वाचावयास दिल्या आणि त्यांच्या लेखी प्रतिसादांचे विश्लेषण 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' (१९२९) या ग्रंथात केले. वाचकाच्या मनातील खासगी आठवणी कवितेच्या आकलनात ढवळाढवळ करतात, हे त्यांनी दाखविलेल्या दोषांपैकी एक होते.

पुढे वोल्फगांग इझर आणि हान्स रॉबर्ट याउस यांच्या मांडणीने वाचकाला पुन्हा प्रतिष्ठा मिळवून दिली. संहितेत रिकाम्या जागा असतात आणि त्या भरण्याचे काम वाचक करतो, हे इझर यांचे सूत्र. तर प्रत्येक काळाचा वाचक अपेक्षांचे एक क्षितिज घेऊन कृतीकडे येतो, हे याउस यांचे. परंतु या दोघांचा वाचक हा बराचसा तात्त्विक वाचक आहे. तो कोणत्या गावात राहतो, त्याच्या आजोबांची जमीन कोठे गेली, त्याच्या घरी सातबारा कोणाच्या नावावर आहे, हे प्रश्न त्याला विचारले जात नाहीत. प्रस्तुत लेखात हेच प्रश्न विचारावयाचे आहेत. त्यासाठी एक निश्चित स्थळ निवडले आहे, ते पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्याचे. विश्वास पाटील यांची 'झाडाझडती' (१९९१) आणि कृष्णात खोत यांची 'रिंगाण' या दोन कादंबऱ्या, तसेच आनंद यादव यांचे 'झोंबी' (१९८७), लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) आणि बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (१९८६) ही तीन आत्मकथने विचारार्थ घेतली आहेत. यांपैकी एकही कृती मुळशीविषयी नाही, ही गोष्ट आरंभीच नोंदवून ठेवणे अगत्याचे आहे. विवेचनाचा सगळा भार या एका गोष्टीवर आहे.

२

वाचकाची भूमी कोणती, हे प्रथम पाहू. मुळशी हा सह्याद्रीच्या कुशीतील अतिपावसाचा, भातशेतीचा मावळ प्रदेश. नीला आणि मुळा या नद्यांच्या खोऱ्यात टाटांच्या वीज कंपनीने धरण बांधावयास घेतले आणि त्याविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रहास प्रारंभ झाला. सुमारे ५० गावे आणि ११,००० माणसे या धरणामुळे बाधित होणार होती. पांडुरंग महादेव बापट या आंदोलनाचे अग्रणी होते व येथूनच ते 'सेनापती' म्हणून ओळखले जाऊ लागले. वि. म. भुस्कुटे, शंकरराव देव हेही या लढ्यात होते. १९२४ च्या अखेरीस आगगाडी अडविण्याच्या प्रकरणात बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि लढा संपला. धरण पूर्ण झाले. पूर्वेकडे वाहणाऱ्या मुळेचे पाणी पश्चिमेस वळवून घाटाखाली भिरा येथे वीज निर्माण होऊ लागली व ती मुंबईस जाऊ लागली.

या लढ्याचा इतिहास उपलब्ध आहे. भुस्कुटे यांनी स्वतः 'मुळशी सत्याग्रह' लिहिला. राजेंद्र व्होरा यांचा त्याच विषयावरील अभ्यासग्रंथ मराठीत आणि पुढे २००९ साली इंग्रजीतही प्रसिद्ध झाला. जगातील पहिले धरणविरोधी आंदोलन अशी या सत्याग्रहाची ओळख व्होरा यांच्या इंग्रजी ग्रंथाच्या शीर्षकानेच करून दिली आहे. व्होरा यांनी आणखी एक गोष्ट स्पष्टपणे मांडली. या खोऱ्यातील पुष्कळशी जमीन पुण्यातील सावकारांकडे गेलेली होती आणि ती प्रत्यक्ष कसणारे मावळे कुळे म्हणून राबत होते. आरंभी सत्याग्रहाच्या बाजूने असलेले सावकार पुढे मोबदल्याच्या बाजूला गेले. 'मुळशीकरांची जमीन बुडाली' हे वाक्य म्हणूनच एकसंध नाही. ज्याच्या नावावर होती त्याची एक जमीन बुडाली, आणि जो ती कसत होता त्याची दुसरी. पहिल्याला मोबदला मिळाला. दुसऱ्याच्या वाट्याला स्थलांतर आले.

त्यानंतरही मुळशीच्या जमिनीचा प्रश्न संपला नाही. गेल्या तीन दशकांत हिंजवडी-माण परिसरातील माहिती-तंत्रज्ञान उद्यान, मोसे खोऱ्यातील लवासा हे गिरिनगर, ठिकठिकाणचे फार्महाऊस व गृहप्रकल्प यांमुळे या तालुक्यातील जमिनीचे हस्तांतर पुन्हा एकदा मोठ्या प्रमाणावर झाले. प्रवीण तरडे यांच्या 'मुळशी पॅटर्न' (२०१८) या चित्रपटाने, जमीन विकलेल्या शेतकऱ्याचा मुलगा गुन्हेगारीकडे कसा ढकलला जातो, हे दाखवून तालुक्याचे नाव महाराष्ट्रभर नेले. आजचा मुळशीचा विद्यार्थी या दोन्ही हस्तांतरांचा वारस आहे. एकात जमीन सक्तीने गेली, दुसऱ्यात ती विकली गेली. तो जेव्हा विस्थापनाची कादंबरी हाती घेतो, तेव्हा अपेक्षांचे हे क्षितिज त्याच्याबरोबर येते.

३

'झाडाझडती' ही मराठीतील धरणग्रस्तांच्या जीवनावरील सर्वांत परिचित कादंबरी होय. तिला १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. जांभळी हे गाव, धरणासाठी त्याचे उठणे, पुनर्वसनाच्या आश्वासनांची परवड, लाभक्षेत्रातील बागायतदारांचा विरोध, कचेऱ्यांचे हेलपाटे, आणि या सर्वांतून न्यायासाठी झगडणारे खैरमोडे गुरुजी, असा तिचा विस्तृत पट आहे. लेखकाने महसूल प्रशासनात काम केले असल्यामुळे कादंबरीला कचेरीची आतील बाजू माहीत आहे. संपादन, निवाडा, वाटप, फेरफार हे शब्द येथे तपशील म्हणून येत नाहीत. माणसांचे आयुष्य त्या शब्दांच्या हाती गेलेले आहे.

मुळशी परिसरातून येणाऱ्या विद्यार्थ्यांबरोबर ही कादंबरी वाचताना तीन प्रकारचे प्रतिसाद आढळले. बुडीत गावांतून उठलेल्या घरातील विद्यार्थिनीला गाव सोडण्याचा भाग वाचवेना. तिच्या मते कादंबरी तेथेच संपली होती, पुढील पाने तिने कर्तव्य म्हणून वाचली. ज्याच्या वडिलांनी जमीन बिल्डरला विकून घर बांधले, गाडी घेतली, अशा विद्यार्थ्याला गावकऱ्यांची मातीविषयीची ओढ अतिरंजित वाटली. तिसरा विद्यार्थी जिल्ह्याच्या पूर्वेकडील बागायती पट्ट्यातून शिकावयास आलेला होता. लाभक्षेत्रातील शेतकऱ्यांवर कादंबरीने अन्याय केला आहे, असे त्याचे म्हणणे पडले. त्याच्या भावकीची काही जमीन पुनर्वसनासाठी गेलेली होती.

अभिनवगुप्ताच्या परिभाषेत हे तिन्ही वाचक विघ्नग्रस्त आहेत. तिघेही आपापल्या देशकालाला चिकटलेले आहेत. परंतु या प्रतिसादांना बाजूला न सारता संहितेकडे परत पाठविले, तर काय होते, ते पाहण्यासारखे आहे.

दुसऱ्या विद्यार्थ्याचा प्रतिसाद घेऊ. 'ओढ अतिरंजित आहे' या त्याच्या आक्षेपातून वर्गात एक भेद स्पष्ट झाला, तो विक्री आणि संपादन यांतील. विकणाऱ्याला किमान भावाची घासाघीस करता येते, 'नाही' म्हणता येते, शेजाऱ्याने विकल्यावर वर्षभर थांबता येते. जांभळीच्या माणसांना 'नाही' म्हणावयाची जागाच नाही. त्यांची ओढ तीव्र दिसते, कारण तिला व्यवहारात उतरण्याचा मार्ग उरलेला नाही. हे लक्षात आल्यावर कादंबरीतील भावनेच्या आवाजाविषयीचा प्रश्न शैलीपुरता राहत नाही, तो पात्रांच्या परिस्थितीचा प्रश्न होतो. आक्षेप संपूर्णपणे मिटत नाही. काही ठिकाणी निवेदकाचा स्वर चढतो, हे खरेच आहे. पण तो कोठे परिस्थितीमुळे चढतो आणि कोठे निवेदकाच्या आग्रहामुळे, हे आता प्रसंगागणिक तपासता येते.

तिसऱ्या विद्यार्थ्याच्या प्रतिसादाने निवेदकाच्या सहानुभूतीचे वाटप हा मुद्दा पुढे आणला. सर्वसाक्षी निवेदक सर्वांच्या मनात शिरू शकतो. तो कोणाच्या मनात शिरतो आणि कोणाला बाहेरूनच पाहतो, हे मात्र त्याच्या निवडीवर अवलंबून असते. 'झाडाझडती'त निवेदकाचे मन विस्थापितांच्या बाजूला झुकलेले आहे. कादंबरीची नैतिक शक्ती तेथेच आहे आणि तिच्या दृष्टीची मर्यादाही तेथेच शोधावी लागते. बागायती पट्ट्यातून आलेला वाचक नसता, तर हा प्रश्न मुळशीच्या वर्गात क्वचितच निघाला असता, कारण मुळशीचा वाचक त्या झुकावात सामील असतो.

येथे माझा स्वतःचा प्रतिसादही नोंदवितो. तो खैरमोडे गुरुजींच्या संदर्भातील आहे. मुळशीच्या इतिहासात नेतृत्व प्रामुख्याने बाहेरून, पुण्याहून आले. त्या नेत्यांचा त्याग थोर होता, याविषयी दुमत नाही. परंतु लढा संपल्यावर नेत्यांना परत जावयास पुणे होते आणि मावळ्यांना परत जावयास गाव नव्हते. गुरुजी हे पात्र वाचताना मला प्रकर्षाने जाणवते ते हे, की हा नेता गावाबरोबरच उठलेला आहे. हा प्रतिसाद माझ्या स्थळातून येतो, हे उघड आहे. तो कादंबरीच्या रचनेकडे मात्र नेमके बोट दाखवितो. गुरुजींची हार वैयक्तिक हार म्हणून वाचता येत नाही, कारण लढणारा आणि बाधित होणारा येथे एकच आहे. 'झाडाझडती' हे शीर्षकही मग वेगळे भासू लागते. झडती सरकार घेते, पोलीस घेतात. कादंबरीत ती उलटते आणि कचेरीचीच झडती घेतली जाते. अखेरीस ती वाचकापाशी येऊन थांबते. मुंबईचा, पुण्याचा, विजेचा दिवा लावून वाचणारा वाचक या झडतीतून सुटत नाही.

४

कादंबरीकडून आत्मकथनाकडे वळताना वाचकाचा करार बदलतो. कादंबरीत 'असे घडू शकते' हे पुरेसे असते. आत्मकथनात 'असे घडले आणि ते मला घडले' ही हमी लेखक देतो. वाचकही निराळ्या अपेक्षेने पुढे सरसावतो. 'हे आमच्याकडेही घडले' या उद्गाराला आत्मकथनाच्या संदर्भात अधिक वजन येते, कारण एका साक्षीला तो दुसरी साक्ष जोडत असतो.

'झोंबी' हे आनंद यादव यांच्या बालपणाचे आत्मकथन. त्याला १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कागल परिसरातील, दुसऱ्याच्या मालकीची जमीन कसणाऱ्या कुटुंबातील मुलाचा शिक्षणासाठीचा झगडा हे त्याचे आशयसूत्र म्हणून सांगितले जाते व ते योग्यच आहे. मुलाला शाळेत पाठविण्यास तयार नसलेल्या वडिलांना गावातील वजनदार दत्ताजीरावांकरवी समज दिली जाते, हा प्रसंग सर्वपरिचित आहे. शिक्षणाची वाट मोकळी करणारा हितचिंतक म्हणून दत्ताजीरावांकडे सामान्यतः पाहिले जाते. कुळांच्या प्रदेशातील वाचकाला याच प्रसंगात आणखी एक गोष्ट दिसते. वडील जे ऐकतात ते युक्तिवाद पटला म्हणून, की सांगणारा कोण आहे हे ठाऊक असल्यामुळे? ज्या माणसाच्या शब्दाने मुलगा शाळेत जाऊ शकतो, त्याच सामाजिक स्थानावरील माणसाच्या शब्दाने कूळ जमिनीवरून उठूही शकते. प्रसंगातील चांगुलपणा यामुळे खोटा ठरत नाही. तो ज्या सत्तासंबंधातून वाहतो, तो संबंध दिसू लागतो, एवढेच. मुळशीतील सावकार आणि कूळ यांच्या नात्याची पार्श्वभूमी असलेल्या वाचकाला ही सावली चटकन जाणवते, आणि संहितेत तिला आधार आहे.

याच आत्मकथनात म्हशी राखणारा मुलगा म्हशीच्या पाठीवर काठीने कवितेच्या ओळी गिरवितो, असे वर्णन आहे. ज्याच्याजवळ स्वतःची जमीन नाही आणि कागदही पुरेसा नाही, त्याला लिहावयास जनावराची पाठ मिळते. या प्रतिमेकडे पुढे 'रिंगाण'च्या विवेचनात पुन्हा यावे लागेल.

'उपरा' मुळशीच्या वाचकाला अधिक अस्वस्थ करते. लक्ष्मण माने यांच्या या आत्मकथनाला १९८१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कैकाडी समाजातील कुटुंब गाढवांवर बिऱ्हाड लादून, टोपल्या विणीत गावोगाव फिरते. गाव त्यांना काही काळ टेकू देते, आपले म्हणत नाही. विस्थापनाच्या कादंबऱ्या वाचून आलेला विद्यार्थी आरंभी म्हणतो, 'हेही विस्थापितच.' थोडा विचार केला असता हा शब्द येथे लागू पडत नाही, असे दिसून येते. धरणग्रस्त ठरण्यासाठी आधी कागदावर कोठेतरी असावे लागते. गावठाणात घर, सातबाऱ्यावर नाव, किमान कूळ म्हणून नोंद हवी. महाराष्ट्राने १९७६ साली व पुढे १९८६ साली पुनर्वसनाचे कायदे केले. मुळशीच्या मावळ्यांना १९२१ साली असे काहीच उपलब्ध नव्हते, हे खरे; पण या कायद्यांचा लाभही मुख्यतः नोंदीवर अवलंबून राहिला. 'उपरा'तील कुटुंबाचे कोणत्याही धरणाने काही बुडविलेले नाही, कारण बुडविण्याजोगे त्यांच्या नावावर काही नव्हतेच.

हा विचार वाचकाला परत मुळशीत आणतो. या डोंगरात कातकरी आहेत, धनगरवाडे आहेत. खोऱ्यातील गावे उठली तेव्हा त्यांचे काय झाले? 'आमची जमीन गेली' असे सांगणारा मुळशीचा वाचक 'उपरा' वाचल्यावर स्वतःच्या गावाला हा प्रश्न विचारू लागतो, तेव्हा वैयक्तिक प्रतिसादाची दिशा उलटलेली असते. आरंभी वाचक आपल्या अनुभवाने पुस्तक तपासत होता. आता पुस्तक त्याचा अनुभव तपासू लागते. देशकालविशेषाचा आवेश हे विघ्न कधी ठरते व कधी नाही, याचे एक उत्तर येथे हाती लागते. तपासणी एकाच दिशेने चालली तर ते विघ्न. दोन्ही दिशांनी चालली तर तेच आकलनाचे साधन.

बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' या संदर्भात रूपाच्या अंगाने महत्त्वाचे आहे. फलटण परिसरातील महार समाजाचे, विशेषतः स्त्रियांचे जीवन आणि आंबेडकरी चळवळीने त्यात घडवून आणलेले परिवर्तन हा त्याचा विषय. हे लेखन लेखिकेने घरच्यांपासून कित्येक वर्षे लपवून ठेवले होते. आत्मकथनाच्या शीर्षकात 'माझे' नाही, 'आमुचं' आहे. 'मी' मागे राहतो आणि वस्ती पुढे येते. आत्मचरित्र म्हणजे एका व्यक्तीच्या विकासाची कथा, ही आपली अपेक्षा येथे मोडते.

मुळशी परिसरातील विद्यार्थिनींनी या पुस्तकाला दिलेला प्रतिसाद विशेष लक्षणीय वाटला. त्यांनी आशयाशी नाते जोडण्यापेक्षा बोलण्याच्या रीतीशी नाते जोडले. घरातील वृद्ध स्त्रिया जुन्या गावाविषयी बोलतात तेव्हा त्या 'मी' म्हणत नाहीत, 'आम्ही' म्हणतात, 'आमच्यात' म्हणतात, असे एकीने वाचननोंदीत लिहिले. तिने पुढे असेही नोंदविले, की आजीच्या बोलण्यात सत्याग्रह फारसा येत नाही. खाचरे, वाटा, देवाची जागा आणि नव्या ठिकाणी लांब गेलेले पाणी हेच येते. ज्या विषयाला इतिहासाच्या पुस्तकात प्रकरण आहे, तो घरच्या आठवणीत नाही. जो घरच्या आठवणीत आहे, त्याला पुस्तकात प्रकरण नाही.

५

कृष्णात खोत यांच्या 'रिंगाण'ला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. 'झाडाझडती'नंतर सुमारे तीन दशकांनी विस्थापनाचा विषय मराठी कादंबरीत किती बदलला, हे या दोन कृती शेजारी ठेवल्यास दिसते. 'झाडाझडती'चा पट रुंद आहे. त्यात मंत्री, अधिकारी, दलाल, पुढारी, गावकरी सर्व आहेत. 'रिंगाण' एका माणसाभोवती आणि एका जनावराभोवती आवळत जाते. धरणामुळे उठलेल्या गावातील देवाप्पा मागे राहून गेलेल्या आपल्या म्हशीच्या शोधात परत जातो. मधल्या काळात ती रानातली झालेली आहे. ती परत येण्यास राजी नाही, आणि तो तिला सोडण्यास राजी नाही.

धरणकाठच्या वाचकाला या कथासूत्रातील एक गोष्ट प्रथम जाणवते, ती निवाड्याच्या भाषेची. भूसंपादनात जमीन मोजली जाते. तिच्यावरील घर, विहीर, झाडे यांची किंमत ठरविली जाते. जनावर हे जमिनीला जोडलेले नसते. ते चालत जाऊ शकते. म्हणून निवाड्यात म्हैस नसते. खोतांनी कादंबरीचा केंद्रबिंदू म्हणून नेमके तेच निवडले, जे कचेरीच्या यादीत येत नाही. 'झाडाझडती'ने यादीतील अन्याय दाखविला होता. 'रिंगाण' यादीबाहेर राहिलेल्या नात्याकडे पाहते. 'झोंबी'तील मुलगा ज्या पाठीवर अक्षरे गिरवीत होता, ती पाठ येथे परकी झाली आहे. माणूस आणि जनावर यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या लिहिला गेलेला करार पुसला गेला आहे.

दुसरी गोष्ट तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या वाचकाशी संबंधित आहे. मुळशीचे धरण होऊन आता शंभर वर्षे होत आली. आजच्या वाचकाने बुडालेले गाव पाहिलेले नाही; त्याच्या आईवडिलांनीही पाहिलेले नाही. त्याच्याजवळ आठवण नाही, आठवणीची आठवण आहे. 'झाडाझडती' वाचताना त्याला गावाच्या उठण्याशी तादात्म्य साधता येते, कारण ती घटना कादंबरीत डोळ्यांसमोर घडते. 'रिंगाण' त्याला तादात्म्याची जागा तितक्या सहज देत नाही. देवाप्पाजवळ परत आणावयास काहीतरी आहे. या वाचकाजवळ नाही. एका विद्यार्थ्याने लिहिले, की कादंबरी वाचताना तो देवाप्पाच्या जागी नव्हता, म्हशीच्या जागी होता. जुने गाव त्याला हाक मारते आणि त्याला ते ओळखता येत नाही. हा प्रतिसाद पूर्णतः वैयक्तिक आहे. तरीही कादंबरीत जनावराचा नकार केवळ अडथळा म्हणून येतो की त्याला स्वतःचा अर्थ आहे, या समीक्षेच्या प्रश्नाला तो थेट भिडतो. विस्थापनाकडे आजवरच्या लेखनाने गमावलेल्याच्या बाजूने पाहिले. नव्या परिस्थितीत रुळून गेलेल्या जिवाच्या बाजूने पाहण्याची शक्यता या वाचनातून पुढे येते.

६

वरील विवेचनातून अध्यापनाच्या दृष्टीने काही गोष्टी निष्पन्न होतात.

पहिली गोष्ट अशी, की वैयक्तिक प्रतिसाद देताना वाचकाने आपली जागा सांगितली पाहिजे. 'मला अतिरंजित वाटले' एवढे विधान अपुरे आहे. 'आमच्या घरी जमीन विकली गेली, म्हणून मला अतिरंजित वाटले' हे तपासता येण्याजोगे आहे. अभिनवगुप्ताने सांगितलेले विघ्न न सांगितलेल्या स्थळातून निर्माण होते. स्थळ उघड केले की त्याचे बळ पुष्कळसे ओसरते.

दुसरी गोष्ट, प्रतिसादाने वाचकाला संहितेकडे परत आणले पाहिजे. लाभक्षेत्रातील विद्यार्थ्याच्या रागाने निवेदकाच्या सहानुभूतीचा प्रश्न उघडला, म्हणून तो राग समीक्षेच्या उपयोगी पडला. पुस्तक मिटवून केवळ स्वतःची कथा सांगत बसणारा प्रतिसाद कितीही प्रामाणिक असला, तरी तो त्या पुस्तकाविषयीचा प्रतिसाद राहत नाही.

तिसरी गोष्ट 'उपरा'च्या वाचनातून दिसली. पुस्तकालाही वाचकाची तपासणी करू दिली पाहिजे. जे वाचन वाचकाला त्याच्या पूर्वीच्याच समजुतीत सुखरूप ठेवते, त्यात तादात्म्य असेल; आकलन असेलच असे नाही.

यापुढचा मुद्दा मात्र अध्यापनपद्धतीपुरता मर्यादित नाही. 'हे आमचेच आहे' हा उद्गार समाधान देणारा असतो. जांभळीत आपले गाव दिसते, देवाप्पाच्या पायपिटीत आपली पायपीट दिसते, आणि आपली कथा सांगितली गेली आहे, असे वाटू लागते. वस्तुतः ती सांगितली गेलेली नाही. मुळशीचा लढा वाचकाच्या हाती येतो तो मुख्यतः नेत्यांच्या, कार्यकर्त्यांच्या आणि अभ्यासकांच्या लेखणीतून. खोऱ्यातील कुळांनी, कातकऱ्यांनी, खाचरांत राबणाऱ्या स्त्रियांनी स्वतः मांडलेली कथा अशी सहज हाती येत नाही. कागल, फलटण आणि जांभळी येथील साक्षींनी मुळशीची रिकामी जागा भरली जाते, तेव्हा ती जागा रिकामी आहे हेही विसरले जाते. इझर यांनी संहितेतील रिकाम्या जागांचा विचार केला; येथे रिकामी जागा ग्रंथालयाच्या फळीवर आहे.

वैयक्तिक प्रतिसादाचे खरे मोल या ठिकाणी दिसते. आजीच्या बोलण्यात सत्याग्रह नाही, खाचरे आहेत, ही विद्यार्थिनीची नोंद 'जिणं आमुचं'वरील प्रतिसाद म्हणून आली. तिच्यात एका न लिहिलेल्या आत्मकथनाचे रूप सूचित झाले आहे. ते अनेकवचनी असेल, त्याचा कालक्रम लढ्याच्या तारखांनुसार नसेल, आणि त्यात निवाड्याच्या यादीबाहेरच्या गोष्टी अधिक असतील. ऐकीव स्मृती सांगणारी पिढीही आता थकली आहे. मराठी विभागांनी एम. ए. व एम. फिल. च्या प्रबंधिकांसाठी विस्थापनाच्या कादंबऱ्यांचे आशयसूत्र तपासण्याचे काम पुष्कळ करून घेतले. त्याच विद्यार्थ्यांना आपापल्या घरातील, वाडीतील, पुनर्वसित गावठाणातील कथन त्याच्या मूळ बोलीत व मूळ सर्वनामात नोंदवून घेण्यास सांगणे आणि मग त्या कथनाच्या शेजारी या कादंबऱ्या व आत्मकथने ठेवून वाचणे, हे काम बव्हंशी व्हावयाचे आहे. ते साहित्याभ्यासाच्या बाहेरचे नाही. 'झाडाझडती'पासून 'रिंगाण'पर्यंतच्या कृतींनी धरणकाठच्या वाचकाकडून जी अपेक्षा ठेवली आहे, ती या कामाखेरीज अपुरीच राहील.